आमच्या घराण्यात कुणी आजारी पडत नसे

आमच्या घराण्यात कुणी आजारी पडून मेलं नाही. मेले सगळेच, त्याला इलाज नाही, पण आजारानं एकही नाही. आबांचे, म्हणजे माझ्या आजोबांचे, आजोबा वाघाशी झुंजताना गेले. त्यांच्या वडिलांवर भाऊबंदांनी करणी केली होती. आबांचे एक काका पैजेवर पुरणपोळ्या खाता खाता बसल्या जागी गेले, आणि पैज जिंकूनच गेले, हे आबा कधी सांगायला विसरत नसत. बायका कशानं गेल्या हे मात्र कुणी सांगितलं नाही. त्या नुसत्या वारल्या. वाघ काही त्यांच्या वाट्याला आला नाही.

हा सगळा इतिहास रहाटणीतल्या आमच्या घराच्या ओट्यावर संध्याकाळी, गुळाच्या चहाबरोबर सांगितला जाई. आबा मांडी घालून मधे बसत. शेजारच्या घरातले बापूआबा, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, भिंतीला टेकून हुंकार भरत आणि जरा कुठे आबांचा वाघ लहान झाला की तो पुन्हा मोठा करून देत. आत चुलीवर कोरड्यास रटरटत असे, गोठ्यात म्हैस दावं ओढत असे, आणि आई दाराआड उभी राहून चहाच्या रिकाम्या कपांची वाट बघत असे. दादा, माझे वडील, तेव्हा पिंपरीला नव्यानं निघालेल्या औषधांच्या कारखान्यात लागले होते. दिवसभर ते दुसऱ्यांसाठी औषधांच्या बाटल्या धूत आणि घरी येऊन पाय मुरगळला की हळद-चुन्याचा लेप लावून घेत. घरात औषध आणायचं म्हणजे घरात आजार आहे असं कबूल करण्यासारखं होतं, आणि आजार तर आमच्यात नव्हताच.

परवा माझ्या नातीबरोबर तिच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. नात दोन जिवांची आहे. त्या बाई वयानं एवढीशी पोर, चष्मा वर करून मला म्हणाल्या, ‘‘आजी, फॅमिली हिस्ट्री सांगा.’’ मी विचारलं, ‘‘कुठली सांगू? पाहुण्यांना सांगायची की खरी?’’ त्यांना वाटलं म्हातारी गंमत करतेय. गंमत कसली आलीय! प्रत्येक घरात या दोन असतातच. मी त्यांना खरी सांगितली. तीच इथं लिहून ठेवतेय, कारण ती आता सांगणारी मी एकटीच उरलेय.

पाहुण्यांसाठीच्या इतिहासाचा उपयोग काय, तर सोयरीक. मुलगी बघायला जायचं झालं की गावातली माणसं आबांना पुढे घालून नेत, कारण उलटतपासणी करावी तर आबांनीच. कुणाला कोड आहे का, कुणाला फेफरं येतं का, कुणी डोक्यानं जरा हललेलं आहे का, हे सगळं ते पिकापाण्याच्या गप्पा मारत मारत काढून घेत. आमच्या आळीतल्या एका घरची सून लग्नानंतर महिन्याभरातच चुलीपुढे फेफरं येऊन पडली. पंच बसले. आबा त्यात होते. ‘‘पोरीत खोड न्हाई, खोड लपवली यात हाय. फसवणूक झालीया. पाठवा परत,’’ असं त्यांनी सांगितलं आणि त्या पोरीला तिच्या पेटीसकट गाडीत बसवून दिलं. ती गाडी आमच्या दारावरून गेली. आईनं मला आत ओढून दार लोटून घेतलं. मला तेव्हा वाटलं, तिला वाईट वाटलं म्हणून.

माझ्या आईला पसंत केलं तेही आबांनीच. तिचं माहेर चऱ्होलीचं. आबांनी तिच्या वडिलांच्या सात पिढ्या चाळून काढल्या, त्यांच्या भावकीतल्या माणसांना चिलीम पाजून बोलतं केलं आणि घराणं चोख आहे असा निर्वाळा दिला. आईच्या आईबद्दल त्यांनी एवढंच विचारलं की तिच्या हाताला चव आहे का. आईच्या आईचं माहेर कुठलं, तिथली माणसं कशी, कशानं मेली, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येणार? बाईचं माहेर म्हणजे काय घराणं असतं होय! लग्न झालं की ती नवऱ्याच्या घराण्याची, आणि तिची आई तिच्या नवऱ्याच्या. बायकांच्या बाजूनं मोजायला गेलं तर दर पिढीला घराणं बदलतं, मग मोजायचं कुठलं? आईला दोन भाऊ होते ते लहानपणी इंद्रायणीत बुडाले, हे मात्र आबांना माहीत होतं, आणि त्यांना त्याचं वाईटही वाटलं होतं. बुडणं हा काही रोग नाही. उलट वाघाच्या जरा खालचा मान त्याला होता. भाऊबीजेला आई अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळी, ज्यांना भाऊ नाही त्या बायका ओवाळतात तशी, आणि मी इंद्रायणीला मनातल्या मनात शिव्या देई.

माझ्या पाठचा भाऊ किसन. गोरा, किडकिडीत, आणि अंगानं असा नाजूक की त्याला बघून बापूआबा म्हणत, ‘‘ह्यो आपल्यातला वाटत न्हाई.’’ हे ते गमतीनं म्हणत, पण आईचा चेहरा उतरत असे. किसन कुठेही धडकला की तिथे काळंनिळं होई. मांडीवर, दंडावर, पाठीवर, वांग्याएवढे डाग. गुडघा तर दर दोन-चार महिन्यांनी फुगून बसे, आणि तो आठवडाभर भिंतीला धरून चाले. आबांनी एकदा त्याला ओट्यावर आंघोळ घालताना पाठीवरचे डाग बघितले आणि घरात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘‘सूनबाईचा हात लई चालतोय.’’ मला राग आला. आईनं किसनला बोटसुद्धा लावलेलं मी कधी बघितलं नव्हतं. उलट ती त्याला काचेच्या भांड्यासारखी जपायची, त्याच्या हातात विळी-कोयता येऊ द्यायची नाही, चिंचेवर चढला तर खाली पदर पसरून उभी राहायची. मी तडक आबांकडे जाऊन म्हणाले, ‘‘आबा, आई त्याला मारत नाही.’’ तर आईनं मला आत नेऊन माझ्या पाठीत एक धपाटा घातला. ‘‘मारते म्हणून सांग,’’ ती दातओठ खाऊन म्हणाली. घरात ज्याला ती मारत नव्हती त्याला मारते असं ठरलं होतं आणि जिला मारलं तिचं कुणाला काही नव्हतं! पुढे आळीतल्या बायकाही म्हणायला लागल्या, पोटचं पोर आणि सावत्रासारखं बदडते. आईनं सगळं ऐकून घेतलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

त्या वर्षी किसनचा घसा सारखा धरायला लागला. ताप, खोकला, गिळताना डोळ्यांत पाणी. आलं-मध झालं, गळ्याला लसणाची माळ झाली, शेवटी दादा एकदा धीर करून म्हणाले, कॅम्पातल्या डॉक्टरला दाखवू. पवनेच्या पलीकडे पिंपरीला सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत होती, तिला आम्ही कॅम्प म्हणायचो. नदीला पाणी कमी असलं की उतारातून परकर वर खोचून पलीकडे जायचं. तिथे बराकीच्या एका खोलीत एक डॉक्टर बसत. ते स्वतःही घरदार टाकून आलेले, त्यांच्या टेबलाचा एक पाय विटांवर होता. बोलणं अर्धं हिंदी, अर्धं त्यांनी इथे येऊन वेचलेलं मराठी. आबांनी आधी नाक मुरडलं, पण नातू त्यांचा लाडका होता. ते म्हणाले, मी स्वतः येतो. घराण्याबद्दल काही विचारलं तर उत्तर कोण देणार?

आणि विचारलंच! डॉक्टरांनी किसनच्या घशात चमचा घालून बघितलं आणि सांगितलं, गाठी आहेत, पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेऊन कापून टाकायच्या. त्या काळी पोरांच्या या गाठी, म्हणजे टॉन्सिल्स, नखं काढावीत तशा काढत असत. कॅम्पातल्या निम्म्या पोरांच्या काढून झाल्या होत्या, आणि त्यातल्या एकानं किसनला सांगितलं होतं की नंतर खायला आइस्क्रीम मिळतं. किसनला घाई झाली होती. डॉक्टर म्हणाले, ‘‘कापायच्या पहिले थोडा विचारायचा आहे. तुमचा खानदानमध्ये कोणाला रक्त जास्त जाते? कापला तर थांबत नाय, असा?’’

आबा सावरून बसले. ‘‘आमच्या घराण्यात? आवो डॉक्टर, आमचा आजा वाघाशी झुंजला. रगत गळत गळत रानातनं घरापोत चालत आला, आन् मंगच पडला.’’

‘‘म्हणजे थांबला नाय?’’

‘‘थांबंल कशाला? वाघ व्हता त्यो!’’

डॉक्टरांनी कपाळ खाजवलं. ‘‘बरं. आणि आईकडे?’’

‘‘आईकडं म्हंजी? आई आमच्याच घरात हाय की. ही काय दारात बसलीया.’’

‘‘तिचा माहेर, माहेर.’’

‘‘माहेर चऱ्होलीचं. माणसं लई चांगली. दोन भाव व्हते, इंद्रायणीत बुडाले. आता बुडण्याला तुमच्याकडं काय औषध हाय?’’

डॉक्टर हसले. दारात उंबऱ्याशी आई बसली होती, पदर नाकापर्यंत ओढलेला. पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. डॉक्टर म्हणाले, ताप उतरला की परत आणा, पुण्याची चिठ्ठी देतो.

त्यानंतर आईनं जे काही केलं ते आठवलं की मला हसूही येतं आणि भरूनही येतं. आधी ती म्हणाली, अमावास्या तोंडावर आलीय. अमावास्या गेली तर म्हणाली, पोराला अजून कणकण आहे. तिनं स्वतः त्याच्या अंगावर दोन गोधड्या टाकून ती आणवली होती, हे मी बघितलं होतं. मग तिनं ग्रामदैवताला कौल लावला आणि डाव्या बाजूचं, म्हणजे नकाराचं, फूल पडलं असं सांगितलं. आबा चिडले. ‘‘पोराला मारायला हात हाय, औषधाला न्हाई,’’ म्हणाले. शेवटी आई म्हणाली, कुरडया करायला माहेरी जाऊन येते, आल्यावर न्या. कुरडयांना नाही कोण म्हणणार! भोसरीवरनं बैलगाडीनं आम्ही चऱ्होलीला गेलो, आई आणि मी. किसनला आबांनी ठेवून घेतलं.

चऱ्होलीची आजी एकटीच राहायची. काळी, उंच, आवाज घोगरा. गहू भिजवून, वाटून, गाळून तिनं सगळी तयारी ठेवली होती. अंगणात तीन दगडांवर मोठं पातेलं चढवलं, आणि चीक शिजायला लागला. कुरडयांचा चीक ढवळणं म्हणजे पैलवानाचं काम, जरा हात थांबला की गुठळी. आजी ढवळत होती, आई लाकडं सारत होती, आणि मी वाटीत गरम चीक घेऊन त्यावर तेल-मीठ घालून फुंकून फुंकून खात होते. तो वास अजूनही कुठे आला की मी पुन्हा अकरा वर्षांची होते. आई धुराकडे बघत म्हणाली, ‘‘आये, किसनचा घसा कापणार हायत.’’

आजीचा हात थांबला. ‘‘कोण?’’

‘‘पुण्याचे डॉक्टर.’’

‘‘आन् तू काय म्हणलीस?’’

‘‘म्या काय म्हणू? दोघं बुडाले म्हणून तू सांगितलंयस ना!’’

‘‘म्या काय हौसेनं बुडवलं व्हय त्यांना?’’ आजी एकदम ओरडली. ‘‘तुझं लगीन व्हाया नको व्हतं? थोरल्याचा दात पडला आन् रगत थांबंना, माझ्या मांडीवर गेला. धाकट्याच्या अंगठ्याला कोयता लागला, एवढासा. माझा भाव तर न्हाव्याच्या वस्तऱ्यानं गेला. असल्या घरची पोरगी कोण करून घेतंय? म्हणून बुडवलं. पाण्याला नाव ठेवत न्हाई कुणी.’’

मी वाटी खाली ठेवली. माझे दोन मामा माझ्या डोळ्यांदेखत पाण्यातून बाहेर आले होते. आई म्हणाली, ‘‘बोलले तर मला घालवतील. त्या पोरीला घालवली तशी. पोरं ठेवून घेतील आन् मला घालवतील.’’

‘‘व्हय,’’ आजी म्हणाली.

‘‘न्हाई बोलले तर?’’

पातेल्यात चिकाची गुठळी झाली होती, आजी ती मोडायला लागली. त्या वर्षीच्या कुरडया चांगल्या झाल्या नाहीत, तळल्यावर फुलल्याच नाहीत. आबांनी दोनदा तसं बोलून दाखवलं.

आम्ही परतलो, आणि दुसऱ्याच दिवशी वरात पुन्हा कॅम्पात. दादांची पाळी होती, म्हणून आबा, आई, मी आणि किसन. किसन वाटेनं आइस्क्रीम लाल असतं की पांढरं ते विचारत होता. डॉक्टरांनी घसा बघितला, मान हलवली, आणि चिठ्ठी लिहायला कागद ओढला. तेवढ्यात उंबऱ्यातून आईचा आवाज आला, ‘‘सुमे, डॉक्टरांना सांग, चिठ्ठी लिहू नका.’’

आता इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे सून सासऱ्यापुढे बोलत नसे. अगदीच बोलायची वेळ आली तर मधे पोर उभं करायचं आणि त्याला सांगायचं. सगळ्यांना सगळं ऐकू येई, पण पोरानं पुन्हा म्हणेपर्यंत ते कुणी ऐकलं नाही असं धरायचं. आमच्या घरात ते पोर मी. एरवी माझ्या तोंडून ‘पाणी तापलंय’ आणि ‘दळण संपलंय’ एवढंच जात असे. मी म्हणाले, ‘‘डॉक्टर, चिठ्ठी लिहू नका.’’

‘‘सांग तुझ्या आईला,’’ आबा म्हणाले, ‘‘गप ऱ्हा म्हणावं.’’

‘‘आई, गप राहा.’’

‘‘सांग मामंजींना, आजवर गपच व्हते.’’

मी सांगितलं. डॉक्टर लेखणी हातात धरून एकदा आबांकडे, एकदा माझ्याकडे, एकदा उंबऱ्याकडे बघत होते. त्यांना वाटलं असेल, ही काय घरं आहेत का नाटक कंपनी! आई म्हणाली, ‘‘सांग, माझे भाव बुडाले न्हाईत.’’

हे वाक्य एकदा बाहेर पडलं की आईची पेटी गाडीत चढणार, एवढं मला कळत होतं. आई पुढे झाली, माझा दंड धरला, आणि म्हणाली, ‘‘सांग.’’

‘‘आईचे भाऊ बुडाले नाहीत,’’ मी म्हणाले.

आबा पुढे सरकले. ‘‘इचार तिला, मंग कशानं मेले?’’

‘‘सांग, एकाचा दात पडला तवा. एकाला कोयता लागला तवा. दोघांचं बी रगत थांबलं न्हाई.’’

मी रडत रडत ते म्हणाले, मधे ‘दात’ म्हणायचं राहिलं ते पुन्हा म्हणाले. डॉक्टर उठले. टेबलाला वळसा घालून आले आणि आईपुढे चक्क उकिडवे बसले. ‘‘ताई, तुमच्या आईचा भाऊ होता?’’ आणि आई मला विसरली. सासरा तीन हातांवर बसलेला असताना ती सरळ डॉक्टरांशी बोलायला लागली. मामा न्हाव्याच्या वस्तऱ्यानं गेला, किसनला जन्मल्यापासून डाग पडतात, गुडघा फुगतो, कान टोचले नाहीत, नवस आहे म्हणून सांगितलं, न्हाव्याला मी आदल्या दिवशीच भेटून वस्तरा लावू नको म्हणून सांगून येते, सगळं. एवढं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. तिचा आवाज छान होता.

डॉक्टरांनी किसनचा सदरा वर केला. डागांवरून बोट फिरवलं. मग आबांना म्हणाले, ‘‘हा मार नाय. कोणी मारला नाय याला. रक्त आतमध्ये जाते. पुण्याला रक्त तपासू, पण कापायचा नाय, दात काढायचा नाय. आज कापला असता तर मुलगा गेला असता.’’ मग जरा थांबून, हळू आवाजात, ‘‘ही बीमारी आईकडून येते, मुलग्याला होते. आईचा कसूर नाय. मुलीला होत नाय, पण तिच्यातून पुढे जाऊ शकते.’’ आणि ते माझ्याकडे बघायला लागले. मग आबाही बघायला लागले. त्या क्षणी मला काही कळलं नाही. पुढे दोन मुलगे झाले तेव्हा चांगलंच कळलं, पण ते वेगळं प्रकरण आहे.

किसननं तेवढ्यात भोकाड पसरलं, कारण आइस्क्रीम रद्द झालं होतं.

परतताना आबा पुढे. नदीच्या उतारात त्यांनी किसनला खांद्यावर घेतलं. एरवी ते म्हणत, चालू द्या, पाय मोकळे होतात. आई मागून येत होती. पाण्यात मधोमध ती मला म्हणाली, ‘‘तुझे दोन नवे परकर कुठं ठेवलेत?’’ मी म्हणाले, कोनाड्यात. ती म्हणाली, ‘‘ते तुझ्यापाशीच ठेव.’’ आणि तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. घरी गेल्या गेल्या तिनं आतल्या खोलीत पेटी उघडली आणि आपली तीन लुगडी घड्या घालून आत ठेवली. ती रडत नव्हती. मीच रडत होते, ती मला गप करत होती.

संध्याकाळ झाली. ओट्यावर चहा गेला, आणि नेहमीची माणसं जमली. बापूआबा आले. कॅम्पातून आम्ही चिठ्ठीशिवाय परत आलो हे एव्हाना आळीभर झालंच होतं. बापूआबांनी विचारलं, ‘‘काय म्हणला डॉक्टर?’’ आई दाराआड येऊन उभी राहिली. तिचा एक हात माझ्या खांद्यावर होता.

आबांनी चहा फुंकून एक घोट घेतला. मग म्हणाले, ‘‘पोराचं रगत थांबत न्हाई. घराण्यातच हाय म्हणला.’’

‘‘कुणाच्या घराण्यात?’’

‘‘कुणाच्या म्हंजी? आपल्या.’’

आबा पुढे म्हणाले, ‘‘आपला धाकटा चुलता न्हाई का, ल्हानपणी बैलानं उडवला म्हणत्यात त्यो? बैलबिल काय नव्हता. साधं खरचटलं व्हतं. रगतच थांबलं न्हाई. आपल्या म्हाताऱ्यानं मरताना मला सांगितलंय.’’

माझ्या खांद्यावरचा हात घट्ट झाला. आबा खोटं बोलताहेत हे त्या सगळ्या ओट्यावर फक्त आत उभ्या असलेल्या आम्हां दोघींना कळत होतं. का बोलले, यावर मी आयुष्यभर विचार केलाय. माझा धाकटा मुलगा म्हणतो, सुनेला वाचवायला. मला कधी तसं वाटतं, आणि कधी वाटतं, मुलखाची उलटतपासणी घेणारा माणूस स्वतः चऱ्होलीच्या एका म्हातारीकडून फसला, हे त्यांना कबूल करायचं नव्हतं. दोन्ही असेल. माणूस चांगलं काम करताना कारण एकच ठेवतो असं थोडंच आहे? किंमत मात्र त्यांनी पुरेपूर मोजली. बापूआबांच्या नातवाची ठरत आलेली सोयरीक पुढे त्याच्यावरूनच फिसकटली, आणि ज्या पोरांना काडीचा धोका नव्हता ती आमच्या भावकीतली पोरं कित्येक वर्षं कान न टोचता हिंडली. किसन लंगडत लंगडत म्हातारा झाला. आबांनी मरेपर्यंत शब्द फिरवला नाही.

पण हे पुढचं. त्या संध्याकाळी बापूआबा भिंतीचा टेकू सोडून उठले होते. ‘‘आबा, येड लागलंय का तुला? साऱ्या घराण्याच्या नावाला बट्टा लावतोयस? त्या मेलेल्या चुलत्याला काय वाटत आसंल?’’

‘‘त्याला काय वाटायचंय?’’ आबा म्हणाले. ‘‘त्याचं काय लगीन मोडणार हाय आता?’’

आणि माझ्या शेजारी आई हसली. पदर तोंडात कोंबला तरी हसू फुटलंच, सासऱ्याला ऐकू जाईल एवढं, आणि मग ती दाराला धरून खाली बसली, तिचे खांदे हलत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

‘‘काय झालं गं आत?’’ आबांनी बाहेरून विचारलं.

‘‘काही नाही आबा,’’ मी म्हणाले, ‘‘आईला ठसका लागला.’’